माधव नगरातलं समुद्रफूल

देवश्री कारखानीस रडली नाही, ही बातमी आमच्या माधव नगरात प्रकाशच्या जाण्याच्या बातमीइतक्याच वेगानं पसरली.

प्रकाश तिचा नवरा. बँकेतून रिटायर झालेला, उंच, थोडा वाकून चालणारा. माघात एका दुपारी इंदूरहून परत येताना तो उज्जैनच्या देवास गेटला बसमधून उतरला, स्टँडवरच्या बाकावर टेकला, आणि पुन्हा उठला नाही. बाजूला त्याची कापडी पिशवी होती. तिच्यात समुद्राचं पाणी तयार करायचं मीठ आणि बर्फात गुंडाळलेली कोळंबी. रिक्षावाल्यानं ओळखलं म्हणून निरोप लवकर आला. प्रकाशला आणलं, आणि मागोमाग पिशवीही कुणीतरी आणून दारात ठेवली. कोळंबीचं पाणी गळत होतं. देवश्रीनं पिशवी उचलली, कोळंबी फ्रीजरमध्ये ठेवली, फरशी पुसली, आणि मग येऊन बसली.

समोरच्या गुप्ताभाभी मला हळूच म्हणाल्या, "दीदी, देवश्रीजी एक बार रो लेतीं तो अच्छा था."

मी कारखानीसांच्या खालच्या मजल्यावर राहते. रडण्याचं काम मी पुष्कळ केलं आहे. महाराष्ट्र समाजाच्या गणेशोत्सवात, इंदूर-देवास-ग्वाल्हेरच्या दौऱ्यांत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात आणि नंतर विजेच्या दिव्यांत, मी विधवा झाले, टाकलेली बायको झाले, मुलगा हरवलेली आई झाले. तिसऱ्या अंकात प्रेक्षकांतून नाक ओढल्याचे आवाज आले की विंगेत आमचे दिग्दर्शक मान डोलवायचे. त्या सवयीनं सांगते, दाबून ठेवणारा माणूस गळ्यापाशी कळतो. तिथं एक शीर उभी राहते. देवश्रीच्या गळ्यावर काही नव्हतं. ती काही दाबून ठेवत नव्हती. तिला काही वाटतच नव्हतं, आणि तिला ते ठाऊक होतं. नंतर एकदा तिनं मला सांगितलं, "मावशी, दाताच्या डॉक्टरांकडे सुई देतात ना, तसं आहे. ओठ आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही."

तेरावं व्हायच्या आत ती टंकीचं पाणी बदलताना दिसली, तेव्हा मात्र लोकांना बोलायला विषय मिळाला.

ती टंकी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. प्रकाशची बँकेत एकदा रत्नागिरीला बदली झाली होती. माळव्यातला माणूस, क्षिप्रेच्या घाटावर पोहायला शिकलेला, त्यानं तिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा समुद्र पाहिला. तोही मोठ्या लाटांचा नाही. ओहोटीला खडकांत उरणारी डबकी त्यानं पाहिली. रविवारी धोतरासारखी पँट वर खोचून तो तासन्‌तास त्या डबक्यांवर वाकून बसायचा. उज्जैनला परत आल्यावर बरीच वर्षं तो त्याबद्दल नुसता बोलायचा, आणि मग एक दिवस हॉलमध्ये, जिथे टीव्ही असायला हवा होता तिथे, चार फुटी काचेची टंकी आली. इंदूरच्या दुकानातून एक मोठा खडबडीत दगड आणला. त्या दगडाबरोबर न मागता एक नारिंगी स्पंज आला, आणि नळ्यांत राहणारे काही किडे. समुद्रफूल, नावाला फूल पण खरा प्राणी, त्यानं वेगळं आणलं. तपकिरी बुंधा, वर हिरवट बोटांचा झुबका, टोकाला प्रत्येक बोट किंचित जांभळं.

समुद्रापासून इतक्या लांब, महाकालाच्या गावात, कारखानीसांच्या हॉलमध्ये समुद्र होता. आम्ही पाहुणे आले की त्यांना वर दाखवायला न्यायचो.

प्रकाशला शास्त्रीय नावं यायची नाहीत. ते काम देवश्रीचं. ती इथल्याच एका शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. नोकरीला लागल्यापासून तिनं हे प्राणी फळ्यावर काढले होते आणि बाटलीत पांढरे पडलेले दाखवले होते. जिवंत मात्र तिनंही आपल्याच घरात पहिल्यांदा पाहिले. दोघांचा प्रवेश छान रंगायचा. प्रकाश ड्रॉपरमध्ये शिऱ्यात घालायचा केशरी रंग घ्यायचा, आणि स्पंजाच्या अंगाजवळ एक थेंब सोडायचा. थेंब त्याच्या बाजूंनी आत शोषला जायचा, आणि थोड्या वेळानं वरच्या भोकातून केशरी धूर बाहेर पडायचा. मग देवश्री सांगायची. याला तोंड नाही, पोट नाही, नस नाही. अंगभर बारीक छिद्रं, त्यांतून पाणी आत ओढायचं, त्यातलं खाणं गाळून घ्यायचं, आणि उरलेलं वरून सोडायचं. दिवसभर, रात्रभर, हेच. पंच्याच्या फडक्यातून गाळून याच्या पेशी सुट्या केल्या तरी त्या पुन्हा एकमेकींना शोधून चिकटतात, असंही ती सांगायची. प्रकाश म्हणायचा, "सरकारी खात्यात असं काही बघितलं नाही."

किड्यांचं वेगळं. नळीच्या तोंडाशी पिसांचा तुरा उघडून ते बसायचे. त्या तुऱ्यानंच श्वास, त्यानंच जेवण. काचेवर हाताची सावली पडली की तुरा गपकन आत. देवश्री म्हणायची, गांडुळाचे चुलतभाऊ आहेत, पण थाट बघा.

आणि समुद्रफूल. आठवड्यातून एकदा प्रकाश लांब चिमट्यानं त्याला कोळंबीचा तुकडा द्यायचा. बोटं हळूहळू तुकड्यावर मिटायची, तो मध्यभागी जायचा. खायची वाट तीच आणि टाकायची वाटही तीच, हे ऐकून प्रकाशच्या आईनं तोंड फिरवलं होतं.

प्रकाशची आई अहल्याबाई. चौऱ्याऐंशीच्या, बारीक, कमरेत वाकलेल्या, जिभेला धार. कारखानीसांचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात होते, हे त्या दूधवाल्यालाही ऐकवतात. मासळीच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाची प्राज्ञा नाही. कोळंबी समुद्रफुलाला घालायला काढली की म्हणायच्या, "त्या बिनडोक्याला ताजी, आणि आम्हाला फ्रीजरमधली." मुलगा गेल्यावर मात्र त्या टोचून बोलायच्या थांबल्या. त्या रडल्या, खूप रडल्या, सगळ्यांच्या वाटचं रडल्या. आणि मग गप्प झाल्या.

तर असं ते घर होतं. एक बाई रडून गप्प, दुसरी न रडता गप्प, आणि मध्ये टंकीची मोटर गुरगुरत असायची.

मुलगा अपूर्व बेंगळुरूहून आला होता. जाताना त्यानं आईला सांगितलं, की इंदूरला एक जण ही टंकी न्यायला तयार आहे, त्याला ह्या गोष्टींचं वेड आहे, नीट सांभाळेल. देवश्री नाही म्हणाली. का, ते तिला सांगता आलं नाही. मला ती म्हणाली, "सकाळी उठून एक काम असतं. ते पण गेलं तर उठू कशाला?" हे तिनं भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. त्या दिवशीच मला कळलं, की त्या टंकीत जे जिवंत आहे ते जिवंत राहायला हवं. तिला त्यावर प्रेम होतं म्हणून नाही. तिच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं.

समुद्रफुलाला मेंदू नसतो, हे मला तिनंच सांगितलं. नुसतं नसांचं जाळं अंगभर पसरलेलं, मुख्य ऑफिस कुठेच नाही. एका बोटाला धक्का लागला तर तो सगळीकडे जातो आणि सगळंच मिटतं. मी म्हटलं, "म्हणजे आपल्यासारखंच की गं."

"मावशी, तुम्ही लगेच नाटक करता," ती म्हणाली. "ते आपल्यासारखं नाही. ते त्याच्यासारखं आहे."

चैत्र गेला. शाळेला सुट्टी लागली. उज्जैनचा वैशाख ज्यांनी सोसला आहे त्यांना सांगायला नको. कूलरमध्ये पाणी टिकत नाही, तर उघड्या टंकीत काय टिकणार. टंकीचं एक गणित आहे, ते प्रकाशनं मलाही शिकवलं होतं. पाणी उडून जातं पण मीठ मागे राहतं. म्हणून रोज जितकं पाणी उडेल तितकं साधं, फिल्टरचं पाणी वरून घालायचं. काचेवर त्यानं देवश्रीच्या नेलपॉलिशनं एक लाल रेघ ओढली होती. पाणी तिच्या खाली गेलं की घालायचं.

वैशाखात पहिल्यांदा किड्यांचे तुरे गळले. पिसं तळाशी पडली, आणि नळ्या तशाच उघड्या. देवश्रीनं मला दाखवलं. त्रास झाला की हे तुरा टाकतात, पुन्हा येतो, असं म्हणाली. पण तो आला नाही. मग स्पंज कडेनं राखाडी पडू लागला. मग समुद्रफूल लहान झालं. टरबुजाएवढं फुलणारं ते आता लिंबाएवढं, सुरकुतलेलं, तोंड आत ओढून बसलेलं. कोळंबीचा तुकडा बोटांवर ठेवला तर तो घसरून खाली पडायचा.

तिनं पाण्याचं तापमान बघितलं, मीठ मोजलं, मोटर उघडून साफ केली. सगळं ठीक होतं. मी रोज दुपारी वर जायचे. ती काचेपुढे स्टूल टाकून बसलेली असायची. चेहरा कोरा. जणू परीक्षेचे पेपर तपासत आहे.

एके सकाळी मी लवकर वर गेले. उकाड्यानं झोप लागली नव्हती आणि त्यांच्याकडे वर्तमानपत्र आधी येतं. दार उघडंच होतं. देवश्री अंघोळीला गेलेली. अहल्याबाई पूजा आटोपून, ओल्या केसांनी, टंकीपाशी उभ्या होत्या. हातात देवघरातला गडू. ओठ हलत होते. त्यांनी दोन्ही हातांनी गडू उचलला आणि बारीक धारेनं सगळं पाणी टंकीत सोडलं, एखाद्या पिंडीवर सोडावं तसं. मग हात जोडून आत गेल्या. मला त्यांनी पाहिलं नाही.

मला वाटलं, किती छान. म्हातारी पुन्हा कशात तरी लक्ष घालायला लागली. मी तेच देवश्रीला सांगितलं, चहा पिताना, कौतुकानं. सासूबाई तुला मदत करतात हं, सकाळी पाणी घालतात टंकीत.

देवश्रीनं कप खाली ठेवला. "कशानं घालतात?"

"गडूनं. देवघरातल्या."

"तांब्याच्या?"

मी मान हलवली. ती उठून टंकीपाशी गेली. लाल रेघेपाशी बोट लावून उभी राहिली. पाणी बरोबर रेघेला होतं. मग ती मला म्हणाली, इतक्या हळू की मोटरच्या आवाजात अर्धं बुडालं, की गेल्या कितीतरी दिवसांत मी पाणी घातलेलंच नाही. रोज बघायचे, रेघेला आहे, आणि पुढे जायचे. एवढ्या उन्हाळ्यात पाणी कमी कसं होत नाही, हा प्रश्न पडायला हवा होता. पडला पण असेल. पण वाटलं काहीच नाही.

तांबं. इंदूरच्या दुकानदारानं प्रकाशला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की ह्या टंकीत तांब्याचा कण जाता कामा नये. मासे कसेबसे सहन करतात, पण हे बिनकण्याचे जीव नाही. त्यांना जाड कातडी नाही, खवले नाहीत. पाण्यात जे असेल ते सरळ अंगात जातं. रात्रभर गडूत राहिलेल्या पाण्यात तांबं उतरतं, त्यातून अहल्याबाई तो रोज चिंचेनं लखलखीत घासणार. रोज एक गडू, म्हणजे रोज थोडं. देवश्रीनं तपासणीचं सामान मागवलं. काचेच्या नळीत टंकीचं पाणी घेऊन तीत थेंब टाकले. पाणी निळं झालं, म्हणजे तांबं होतं. इतका सुरेख निळा रंग मी आमच्या समुद्राच्या पडद्यावरसुद्धा पाहिला नव्हता.

तिनं निम्मं पाणी काढून नवं मीठ कालवून भरलं. पण तांबं दगडात मुरतं, एकदम निघत नाही, आणि इकडे रोज सकाळी नवा गडू. ते थांबवायलाच हवं होतं. कसं, हा प्रश्न होता.

आधी तिनं सरळ उपाय केला. झोपण्यापूर्वी स्वतःच टंकी रेघेच्या वरपर्यंत भरून ठेवली. सकाळी अहल्याबाई गडू घेऊन आल्या, पाणी बघितलं, आणि गडू तसाच घेऊन परत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुपारी मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले. बरं नाही का, विचारलं.

त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आज प्याला नाही तो."

मला आधी उमजेना. मग त्यांनी सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं. अक्षय्य तृतीयेला प्रकाशच्या नावानं उदककुंभ दिला होता. गुरुजी म्हणाले, ह्या उन्हात गेलेल्याला तहान लागते, महिनाभर रोज पाणी द्यावं. महाकालाच्या पिंडीवर वैशाखात थेंबथेंब पाण्याची गळती बांधतात, तसंच. त्या विचार करत होत्या, कुठे द्यावं. तुळशीला सगळेच देतात. आणि मग एक दिवस त्यांनी पाहिलं, की टंकीतलं पाणी रोज थोडं कमी होतं. कुणी पीत असल्यासारखं. प्रकाश त्या काचेपाशीच तर बसायचा दिवसभर. "मी रोज घालायचे, रोज कमी व्हायचं," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटायचं. आज पाणी तसंच."

मी उठून टंकीपाशी आले. देवश्रीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "पाणी उडून जातं, हे मी त्यांना सांगितलं तर त्यांना पटेल. बाई हुशार आहेत. तेच वाईट."

अपूर्वला फोन झाला. तो म्हणाला, गडू लपव, स्टीलचा दे. त्याला कोण सांगणार, की गेलेल्या मुलाला अहल्याबाई स्टीलच्या भांड्यानं पाणी देणार नाहीत. तांब्याचं भांडं शुद्ध, हे त्यांच्या हाडात आहे.

मग मी माझी युक्ती काढली. मी म्हटलं, मी त्यांना सांगते, प्रकाश माझ्या स्वप्नात आला होता. मला माठातलं पाणी द्या म्हणाला, गार. मातीचं तुझ्या टंकीला चालेल ना? मी असं सांगेन की त्या शंका घेणार नाहीत. अशी स्वप्नं मी शेकडो प्रेक्षकांना पटवली आहेत.

देवश्री माझ्याकडे बघत राहिली. "प्रकाश माझ्या स्वप्नात येत नाही, तुमच्या कशाला येईल?"

मला हसू आलं आणि लगेच जिरलं. ती विनोद करत नव्हती. तक्रारही करत नव्हती. मग ती म्हणाली, की खोटं सांगायला हरकत काही नाही, पण प्रकाशच्या नावानं नको. आणि गप्प राहायचं तर हे फूल मरणार. हे मेलं की तिलाच ती टंकी धुऊन, उलटी करून, गच्चीत ठेवावी लागणार. मी विचारलं, सांगितलंस तर त्यांचं काय होईल? ती म्हणाली, माहीत नाही. उद्या सकाळी तुम्ही वर याल का, एवढंच विचारलं.

मी गेले. मी आयुष्यात पुष्कळदा विंगेत उभी राहिले आहे, त्या सकाळी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

अहल्याबाई गडू घेऊन आल्या. रात्री देवश्रीनं पाणी भरलं नव्हतं, ते रेघेखाली होतं. ते बघून म्हातारीचा चेहरा जरा मोकळा झाला. त्यांनी गडू उचलला.

"आई, जरा थांबा," देवश्री म्हणाली.

तिनं सांगितलं. वर्गात सांगते तसं सांगितलं, सोपं आणि सगळं. पाणी उन्हानं उडतं. तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यात थोडं तांबं उतरतं. आपल्याला ते बाधत नाही, पण ह्या जिवांना त्याचं विष होतं. किड्यांचे तुरे त्यानंच गळले. स्पंज त्यानंच राखाडी पडला. हे फूलही त्यानंच मिटलं आहे. तुम्हाला माहीत नव्हतं. माझं लक्ष असायला हवं होतं, ते नव्हतं.

तिनं आवाज चढवला नाही, मऊही केला नाही. अहल्याबाई गडू धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडतील, किंवा चिडतील, मास्तरीणबाईंना काय कळतं म्हणतील. त्यांनी टंकीकडे बघितलं. मग गडूत बघितलं. मग एकदम लहान आवाजात विचारलं,

"मग माझ्या प्रकाशला?"

देवश्रीला कळलं नाही. मला कळलं. प्रकाश पाच वर्षांचा असल्यापासून, रत्नागिरीची वर्षं सोडली तर, रोज सकाळी त्याच गडूतलं पाणी त्याच्या आईनं त्याला दिलं होतं. उपाशीपोटी, उभं करून, एका दमात. नोकरीला लागला तेव्हाही, बाप झाला तेव्हाही. ज्या दिवशी तो इंदूरला गेला त्या सकाळीसुद्धा.

"आई, प्रकाश हार्टनं गेले," देवश्री म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं ना."

"डॉक्टरांनी तांब्याचं विचारलं कुठे?"

ह्याला उत्तर होतं, ते देवश्रीला येत होतं. माणसाचं शरीर वेगळं, यकृत असतं, जास्तीचं तांबं बाहेर जातं, हजारो घरांत लोक पितात. ती बोलायला लागली आणि दोन वाक्यांत थांबली. म्हातारी ऐकत नव्हती. तिचे डोळे गडूच्या तोंडावर खिळले होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लग्न होऊन आल्यापासून देवश्रीनं त्या गडूतलं पाणी कधी घेतलं नव्हतं. सासूनं आधी प्रेमानं दिलं, मग हट्टानं, मग टोमण्यांनी. देवश्री फिल्टरचं पाणी प्यायची. भांडण कधी झालं नाही, पण दोघींमध्ये ती एक रेघ होती आणि ती दोघीही पाळत होत्या.

देवश्री पुढे झाली. सासूच्या हातांतून तिनं गडू काढून घेतला. बोटं घट्ट होती, एकेक सोडवावी लागली. मग तिनं तोंड वर केलं आणि तिथंच उभ्यानं ते सगळं पाणी प्यायली. घाईनं नाही. गळ्याची हालचाल दिसत होती. थोडं हनुवटीवरून साडीवर ओघळलं. गडू रिकामा झाला तो तिनं उलटा करून दाखवला.

"उद्या मलाच द्या," ती म्हणाली. "रोज द्या."

अहल्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग सोफ्यावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं, स्वतःचं, जणू पाणी त्यांच्याच हनुवटीवर सांडलं होतं. मला म्हणाल्या, "तू काय उभी आहेस अशी, बस." मी बसले. प्रेक्षक असते तर टाळ्या पडल्या असत्या, असं मला वाटलं, आणि ते वाटल्याची लाजही वाटली.

त्या दिवसापासून टंकीत फिल्टरचं पाणी देवश्रीच घालते. अहल्याबाई प्रकाशसाठी तुळशीला पाणी घालतात, सगळे घालतात तसं, आणि टंकीकडे पाठ करून बसतात. सकाळी पूजा झाली की गडू घेऊन सुनेसमोर उभ्या राहतात. ती प्याल्याशिवाय हलत नाहीत. प्याल्यावर तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघतात. हात धरून नाडी बघतात, त्यांना नाडी कळत नाही तरी. काल मी विचारलं, कशाला बघता हो ताई? त्या म्हणाल्या, "काही होत नाही ना, ते बघते." रोज काही होत नाही, आणि रोज त्या थोड्या सावरतात. देवश्रीला हे ठाऊक आहे, म्हणून ती गडू कधी अर्धा ठेवत नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली, पाऊस सुरू झाला, तरी चुकवलं नाही.

स्पंज मेला. तो मऊ पडून वास यायला लागला, तेव्हा तिनं तो सुरीनं दगडावरून खरवडून काढला आणि झाडाच्या कुंडीत पुरला. किड्यांच्या बहुतेक नळ्या रिकाम्या आहेत. एकीत पुन्हा तुरा आला आहे, बोटाच्या नखाएवढा. समुद्रफुलाचं सांगता येत नाही. दिवसा ते मिटलेलं असतं. संध्याकाळी चार-दोन बोटं बाहेर काढतं. कोळंबीचा अगदी बारीक तुकडा एकदा घेतला, दुसऱ्यांदा टाकला. देवश्री पाणी बदलते, नळीत थेंब टाकते, निळा रंग किती फिका झाला ते खिडकीपाशी धरून बघते. जगेल का, असं मी आता विचारत नाही. तीही ते बोलत नाही.

परवा सकाळी मी वर होते. सासू गडू देऊन, बघून, नाडी धरून आत गेली. देवश्री गडू पालथा घालून उभी होती. मी म्हटलं, "इतकी वर्षं टाळलंस. चव कशी लागते गं?"

तिनं खरंच विचार केला. जीभ टाळूला लावून बघितली.

"काही लागत नाही, मावशी," ती म्हणाली. "कशाचीच लागत नाही अजून." आणि शाळेला उशीर होत होता म्हणून पर्स घेऊन जिना उतरली.